स्पायडर-मॅन २ घ्यावा का? खेळणाऱ्यांची मतं कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: "२०१८ चा ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ मी मित्राच्या पीएस४ वर पूर्ण खेळलो. आता घरी पीएस५ आला आहे. दुसऱ्या भागाबद्दल जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतो. कोणी म्हणतं मॅप रिकामा आहे, कोणी म्हणतं स्टोरी आखूड, कोणी म्हणतं फायटिंग बिघडवली आणि कोणी म्हणतं याच्यासारखा सुपरहिरो गेमच नाही. पाच हजार घालावेत का? घरात अकरा वर्षांचा भाचाही खेळेल."

घ्या. जमलं तर डिस्क घ्या, कारण पुढे सांगतो. पण तुमच्या प्रश्नातला गोंधळाचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण माझं रोजचं काम त्याच्याशीच आहे. अंधेरीतल्या एका गेम स्टुडिओत मी बरीच वर्षं प्लेटेस्ट घेतो. खेळणाऱ्याला समोर बसवायचं, त्याचे हात आणि स्क्रीन एकाच वेळी रेकॉर्ड करायचे, मध्ये एक शब्दही न बोलता बघत राहायचं आणि शेवटी काय वाटलं ते विचारायचं. आमचे स्वतःचे गेम असतातच, पण अभ्यासासाठी बाहेरचे मोठे गेमही आम्ही लोकांकडून खेळवून घेतो. ‘स्पायडर-मॅन २’ त्यातलाच एक. कॉलेजची मुलं, नोकरीवाले, हातात कधी कंट्रोलर न धरलेली माणसं, असे सगळे आमच्याकडे हा गेम खेळून गेलेत.

या कामात एक गोष्ट पक्की कळते. खेळणाऱ्याला जे वाटलं ते शंभर टक्के खरं असतं. ते का वाटलं याचं जे कारण तो सांगतो, ते मात्र रेकॉर्डिंग बघितल्यावर बहुतेक वेळा दुसरंच निघतं. म्हणून मतं वाचताना "काय खटकलं" तेवढं घ्यावं आणि "कशामुळे" हे आपण शोधावं. तुम्ही लिहिलेल्या तीनही तक्रारी अशा उलगडून बघितल्या की हा गेम कसा आहे ते बऱ्यापैकी समजतं.

आधी मॅप. पहिल्या भागात फक्त मॅनहॅटन होतं. आता ईस्ट नदीपलीकडचे क्वीन्स आणि ब्रुकलिनचे भाग आलेत आणि शहर जवळपास दुप्पट झालंय. तरीही "रिकामं वाटतं" ही तक्रार आमच्याकडेही आली, आणि तीही चांगल्या, मुरलेल्या खेळाडूंकडून. परळचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता. बोलायला स्पष्ट, हात सफाईदार. तो म्हणाला, "सर, बिल्डिंगा आहेत, पण जीव नाही." मी त्याचं रेकॉर्डिंग परत लावलं. पठ्ठ्या रस्त्यावर उतरलाच नव्हता. या भागात वेब विंग्ज दिलेत, म्हणजे काखेतून उघडणारे जाळीचे पंख. त्रिकोणाचं बटण दाबलं की झुलणं थांबून माणूस तरंगायला लागतो आणि वाऱ्याचे बोगदे सापडले की नदीही एका दमात ओलांडतो. हा मुलगा एका मिशनवरून दुसऱ्या मिशनवर असाच जात होता, छपरांच्याही वरून. विरार फास्टच्या दारात उभं राहून माहीम-माटुंगा जेवढं दिसतं, तेवढंच त्याला न्यूयॉर्क दिसत होतं.

हा वेग कुठून आला ते समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या भागात स्पायडर-मॅनने किती जोरात झुलायचं याला पीएस४ च्या हार्ड डिस्कची मर्यादा होती. शहर तुकड्यातुकड्यांनी डिस्कवरून वाचलं जातं आणि पुढचा तुकडा वाचून व्हायच्या आत तुम्ही तिथे पोचून चालत नाही. फिरत्या डिस्कवर इकडून तिकडे शोधाशोध करण्यात वेळ जातो. म्हणून रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या साध्या वस्तूंचा डेटा डिस्कवर शेकडो ठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवलेला असायचा. पीएस५ ला एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क आली आणि ही अडचण गेली. २०१९ मध्ये सोनीच्या मार्क सर्नी यांनी नव्या यंत्राची पहिली झलक दाखवली ती याच मालिकेवर: फास्ट ट्रॅव्हलला, म्हणजे न झुलता मॅपवरून थेट दुसऱ्या जागी पोचायला, पीएस४ प्रोवर १५ सेकंद लागत होते, नव्या यंत्रावर ०.८ सेकंद. ‘स्पायडर-मॅन २’ मध्ये तो फायदा पुरेपूर घेतलाय. एखाद्या भागातली कामं पुरी केली की मॅपवर बोट ठेवायचं, आणि लोडिंगचा पडदा न येता तुम्ही तिथे झुलत असता. हा गेम बनवणाऱ्या इन्सोम्नियॅक कंपनीच्या माणसांनी केलेलं हे काम मला आजही थक्क करतं.

पण वेग वाढला की वाटेतली गंमत कमी होते, हेही खरं. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एक गोष्ट करा. ‘स्विंग स्टीअरिंग असिस्ट’ नावाचा पट्टा आहे, तो वरपासून पार खाली आणा. त्याच यादीत उंचावरून पडल्यावर इजा होण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. मग जाळं कुठल्या इमारतीला चिकटतंय, दोरी कधी सोडायची, कोपऱ्यावर वळताना किती वेग हातात आहे, याकडे लक्ष द्यावंच लागतं. सुरुवातीला भिंतींवर आपटाल. नंतर हात बसतो आणि मग हारलेमपासून खाली डाउनटाउनपर्यंत नुसतं जाणं हाच खेळ होतो. परळच्या त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी हेच बदल करून बसवला आणि सांगितलं की आज फास्ट ट्रॅव्हल वापरायचा नाही. निघताना त्याने "जीव नाही" हे मत मागे घेतलं नाही, पण म्हणाला, "आज शहर मोठं वाटलं." मला ते पुरेसं होतं. ब्रुकलिनच्या बैठ्या वस्तीत तो रस्त्यावर उतरला, एका माणसाने हात पुढे केला, त्याने टाळी दिली, आणि तो एकटाच हसला. हे त्याच्या मतात कुठेच आलेलं नाही, रेकॉर्डिंगमध्ये आहे.

आता फायटिंग. ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली गोष्ट: या भागात पॅरी, म्हणजे वार नेमक्या क्षणी अडवणं, आलीय. आधी स्पायडर-सेन्स, म्हणजे धोक्याची खूण, चमकला की चुकवायचं, एवढंच होतं. आता डोक्याभोवती पिवळं कडं आलं तर एल१ दाबून वार अडवावाच लागतो आणि लाल आलं तर बाजूला व्हावंच लागतं. क्रेव्हन या खलनायकाच्या शिकाऱ्यांशी आणि मोठ्या बॉसशी (टप्प्याच्या शेवटच्या तगड्या शत्रूशी) लढताना हे चुकलं की मार बसतो. पहिला भाग कसून खेळून आलेल्यांना इथे जास्त त्रास होतो, कारण त्यांचं बोट आपोआप चुकवायच्या बटणावर जातं. नवख्यांना तेवढा होत नाही, कारण त्यांना जुनी सवयच नसते. हे आम्ही इतक्यांदा पाहिलंय की आता खेळणारा बसल्यावर पहिल्या मारामारीतच ओळखू येतं की हा जुना आहे.

दुसरी गोष्ट टीव्हीची, आणि हिच्याबद्दल कोणी लिहीतच नाही. चिंचपोकळीच्या चाळीत राहणारा आमचा एक टेस्टर घरी खेळून वैतागला होता. "पॅरी लागतच नाही, बटण वेळेवर दाबतो तरी लागत नाही, गेमच फसवा आहे." ऑफिसात मात्र त्याची पॅरी व्यवस्थित लागत होती. मी त्याच्या घरी गेलो. भिंतीवर बत्तीस इंची टीव्ही, पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’, आणि चित्र गुळगुळीत करणारं प्रोसेसिंग चालू. ते प्रोसेसिंग प्रत्येक चित्र अडवून, रंगवून, मग दाखवतं. तेवढ्या अवधीत कडं पिवळं होऊन गेलेलं असतं. टीव्हीच्या मेन्यूत ‘गेम मोड’ लावला आणि पहिल्याच मारामारीत त्याच्या तीन पॅरी लागल्या. त्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "आता ओरडत का नाहीये हा?" नव्या टीव्हींत हा मोड बऱ्याचदा आपोआप लागतो, जुन्यात हाताने लावावा लागतो. तुम्ही पहिलं काम हेच करा. आणि गेममध्ये ‘परफॉर्मन्स’ मोड ठेवा. ‘फिडेलिटी’ मोड सेकंदाला ३० फ्रेमचा (चित्रांचा) आहे, दिसतो सुंदर, पण झुलताना आणि लढताना ६० फ्रेमचा फरक हाताला कळतो. रे ट्रेसिंग, म्हणजे उजेड आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी दाखवायचं तंत्र, दोन्ही मोडमध्ये आहे, त्यामुळे काचेच्या इमारतींतली प्रतिबिंबं कुठेही जात नाहीत.

गॅजेट, म्हणजे लढाईत वापरायची साधनं, कमी केलीत ही तक्रार मात्र सरळसोट खरी आहे. पहिल्या भागात गॅजेटचं आख्खं चाक उघडायचं, विचार करून निवडायची मजा होती. आता मोजकीच आहेत आणि ती आर१ धरून चटकन वापरायची. त्यांच्या जागी एल१ बरोबर चालणाऱ्या ताकदी आल्या: मूळ स्पायडर-मॅन पीटरचे यांत्रिक पाय, दुसरा तरुण स्पायडर-मॅन माइल्सची वीज, आणि मधल्या भागात पीटरच्या अंगावर चढणारा काळा सिंबियोट सूट, म्हणजे परग्रहावरचा एक जिवंत जीवच. तो सूट आल्यावर फटक्याचं वजन बदलतं. कंट्रोलर हातात थरथरतो, आवाज जड होतो आणि खेळणारे खुर्चीत पुढे सरकून बसतात. लपूनछपून एकेकाला टिपायची आवड असलेल्यांना हा भाग पहिल्यापेक्षा उणा वाटेल, अंगावर जाऊन लढणाऱ्यांना जास्त आवडेल. मी स्वतः पहिल्या गटातला आहे, आणि तरीही सिंबियोटच्या मारामाऱ्या मला आवडतात.

स्टोरी आखूड आहे का? मुख्य कथा साधारण १५ ते २० तासांत संपते. पहिल्या भागाचीही जवळपास तेवढीच होती. मग आखूड का वाटते? मी विचारतो, "नक्की कुठे आखूड वाटली?" आणि बहुतेकांचं बोट एकाच जागी जातं: व्हेनम हा मोठा खलनायक आल्यानंतर. तुम्ही खेळलेला नाही म्हणून गोष्ट फोडत नाही. सुरुवात धडाक्यात होते, पण पुढचा बराच भाग निवांत आहे. पीटर माइल्सच्याच शाळेत शिक्षक म्हणून पहिल्या दिवशी उभा राहतो तोच शहरात सँडमॅनचा राक्षसी धुमाकूळ सुरू होतो. मग जुना मित्र हॅरी परत येतो, क्रेव्हन येतो, लिझर्ड येतो, आणि या सगळ्यांना गेम भरपूर वेळ देतो. कोनी आयलंडच्या जत्रेत मित्रांबरोबर पाळण्यात बसण्यालाही वेळ देतो. ज्या माणसासाठी निम्म्या लोकांनी गेम घेतला तो व्हेनम आला की मात्र एकामागून एक मिशन कोसळत जातात आणि मधे श्वास घ्यायला जागा राहत नाही. व्हेनमला आवाज देणाऱ्या टोनी टॉड यांचा तो खोल, दळदार आवाज अजून ऐकावासा वाटत असतानाच शेवट येतो. तास पुरेसे आहेत, ते वाटले गेलेत चुकीच्या ठिकाणी.

याचा सगळ्यात मोठा फटका माइल्सला बसलाय आणि याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. वडिलांच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या मार्टिन ली उर्फ मिस्टर निगेटिव्हला तो समोर बघतो, हा या गेममधला सगळ्यात कठीण भावनिक प्रसंग असायला हवा होता. तो चांगला लिहिलाय, पण पीटर, हॅरी आणि सिंबियोटच्या गर्दीत त्याला जागा मिळाली नाही. नाद्जी जेटर यांना माइल्सच्या भूमिकेसाठी २०२४ चा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला तो त्यांनी मिळालेल्या तेवढ्याशा जागेत केलेल्या कामासाठी. तुम्हाला जमलं तर मधला ‘माइल्स मोरालेस’ (२०२०) आधी खेळा. तो छोटा आहे, आणि त्यानंतर माइल्सच्या गप्प बसण्यालाही अर्थ येतो.

पीटरची मैत्रीण मेरी जेन, तिची लपायची मिशनं पहिल्या भागात अनेकांना नकोशी झाली होती. आता ती कमी आहेत आणि तिच्या हातात विजेचा झटका देणारी बंदूक आहे. चालून जातात.

आता अशा गोष्टीकडे येतो जी "रिकामा मॅप" आणि "आखूड स्टोरी" म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा पाहिलेलीच नसते. साइड मिशनांत खूप काम नुसतं यादी पुरी करायचं आहे: ड्रोनमागे धावणं, पेट्या उघडणं, शिकाऱ्यांचे अड्डे मोडणं, ४२ स्पायडर-बॉट गोळा करणं. ते कंटाळा येईपर्यंत करा आणि सोडा. पण त्याच मॅपवर माणसांच्या छोट्या गोष्टी विखुरलेल्या आहेत आणि त्या सोडू नका. हेलीची एक आहे. ती माइल्सची मैत्रीण, तिला ऐकू येत नाही, भिंतींवर चित्रं काढते. त्या मिशनमध्ये तुम्ही तीच असता. शहराचा कलकलाट मिटतो आणि तुम्हाला खुणा, चेहरे, हात वाचत पुढे जावं लागतं. आमच्या एका टेस्टरने त्या मिशनमध्ये हेडफोन काढून तपासले, बिघडले की काय म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते शांतपणे परत घातले.

दुसरी हॉवर्डची. पहिल्या भागातला कबुतरवाला म्हातारा आठवत असेल, तोच. तो बाकावर बसलेला असतो आणि माझ्या कबुतरांना नव्या घरी पोचव एवढंच सांगतो. लढाई नाही, घड्याळ नाही, शत्रू नाही. पंख उघडायचे, थव्याबरोबर मावळतीच्या उजेडात शहरावरून जायचं, आणि म्हातारा कानात बोलत राहतो. पुढचं सांगत नाही. दादरला राहणारी, बँकेत नोकरी करणारी एक बाई आमच्याकडे आली होती. तिला मारामारीत रस नव्हता, कंट्रोलरही अवघडल्यासारखा धरायची. तिने हे मिशन संपवलं, कंट्रोलर मांडीवर ठेवला, आणि मी प्रश्न विचारायच्या आधी तिनेच मला विचारलं, "अशी अजून आहेत का?" आहेत, पण थोडी. हरवलेल्या आजोबांना शोधण्याचं एक आहे, तेही बघा. हा गेम बनवणाऱ्यांनी अशी आणखी दहा दिली असती तर मॅप रिकामा आहे असं कोणी म्हटलं नसतं. माझी या गेमकडे खरी मागणी हीच आहे.

बिघाडांबद्दल वाचलं असेल. सुरुवातीच्या आठवड्यांत गमतीदार आणि गंभीर दोन्ही बग होते. काहींचा माइल्स चक्क पांढरा ठोकळा झाला. त्याच्या घरात पोर्तो रिकोच्या जागी क्युबाचा झेंडा लागला होता, त्याबद्दल कंपनीने माफी मागून तो बदलला. कथा पुन्हा पहिल्यापासून सगळ्या ताकदींसह खेळायचा ‘न्यू गेम प्लस’ प्रकाशनावेळी (२० ऑक्टोबर २०२३) नव्हता, तो मार्च २०२४ मध्ये आला. त्यामुळे तेव्हाची चिडलेली मतं आज वाचताना तारीख बघा. एक उणीव मात्र कायम राहणार: ‘फ्लेम’ नावाची बाजूची कथा पुढे काहीतरी मोठं येणार असं सुचवून थांबते, आणि नवी कथा देण्याचा बेत नसल्याचं इन्सोम्नियॅकने सांगितलंय. ते आधीच माहीत असलं की हुरहुर थोडी कमी होते.

तुमच्या भाच्यासाठी. गेमचा वयोगट ठरवणाऱ्या संस्थांपैकी अमेरिकेच्या ईएसआरबीने याला ‘टीन’ म्हणजे १३ वर्षांवरील गट दिलाय, युरोपच्या पेगीने १६. रक्तबंबाळ नाही, पण लिझर्ड आणि व्हेनमचे प्रसंग अंगावर येणारे आहेत आणि क्रेव्हन माणसं मारतो. कथेची मिशनं तुम्ही शेजारी बसून खेळा, मोकळं शहर त्याच्या हातात द्या. त्याच्यासाठी स्विंग असिस्ट पुन्हा वर न्या, पडून लागणं बंद करा, ‘फ्रेंडली नेबरहूड’ ही सोपी पातळी ठेवा. गेमचा वेग ७०, ५० किंवा ३० टक्क्यांवर आणायची सोय आहे, ती शॉर्टकटला लावून द्या. पिवळं कडं आलं की वेग कमी करून तो पॅरी शिकेल. या सोयी अपंग खेळाडूंसाठी मनापासून विचार करून बनवल्यात आणि लहान मुलांना त्यांचा फार उपयोग होतो. त्याला ६५ हून जास्त सूट आहेत हे सांगू नका, स्वतः शोधू दे. शेवटी माइल्सला मिळणारा नवा सूट अनेकांना आवडला नाही, पण मेन्यूतून तो केव्हाही बदलता येतो.

आणि डिस्क. तुमच्या पीएस५ ला डिस्क घालायची खाच असेल तरच हे लागू. हा गेम एकदा पूर्ण खेळून, पुन्हा न्यू गेम प्लस करून, मग वर्षभर पडून राहणाऱ्यांतला आहे. लॅमिंग्टन रोडला आणि उपनगरांतल्या गेमच्या दुकानांत जुनी डिस्क विकता किंवा बदलून घेता येते, डाउनलोड केलेला गेम कोणाला देता येत नाही. तिथेच वापरलेली डिस्क मिळाली तर पाच हजारही लागणार नाहीत. घेताना ती प्रकाशाखाली तिरकी धरून ओरखडे बघा. कन्सोलमध्ये सुमारे १०० जीबी जागा मोकळी करून ठेवा, डिस्क असली तरी गेम एसएसडीवर उतरतो आणि वर अपडेट येतात. पीसीवर ३० जानेवारी २०२५ पासून आहे, पण तिथे १४० जीबीची एसएसडी आणि किमान १६ जीबी रॅम मागतो. सुरुवातीला बंद पडण्याच्या तक्रारीही बऱ्याच होत्या. तुमच्याकडे पीएस५ आहे, तिकडे जायचं कारण नाही.

खेळायला लागल्यावर पॅरीत किंवा कुठल्या बॉसला अडकलात तर नेमकं ठिकाण आणि टीव्हीचं मॉडेल लिहा, मी बघतो.